तळवडेकरांचा कॉम्प्युटर अकरावर जातो

नोव्हेंबर आला की सुबोध तळवडेकरांचा भाव वधारायचा. एरवी ते मुलुंड पूर्वेच्या 'शुभदा' सोसायटीतले एक साधे पेन्शनर होते. लिफ्ट बंद पडली की चिडायचं, पाणी गेलं की गॅलरीत येऊन खाली बघायचं, बाकी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण नोव्हेंबरात प्रत्येक पेन्शनरला हयातीचा दाखला, म्हणजे आपण अजून आहोत असा पुरावा, सरकारदरबारी द्यावा लागतो, आणि शुभदातल्या चौदा म्हाताऱ्यांना जिवंत ठरवण्याची सोय तळवडेकरांच्या हॉलमध्ये होती. खिडकीखालच्या कोपऱ्यात त्यांचा कॉम्प्युटर, त्याला जोडलेलं बोटाचा ठसा घेणारं छोटं यंत्र आणि समोर फिरती खुर्ची. मंडळी आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून यायची, यंत्रावर बोट टेकवायची आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली की तळवडेकर गंभीरपणे म्हणायचे, "झालं. आता वर्षभर काळजी नाही." पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी करून जो मान मिळाला नव्हता, तो या एका वाक्याने मिळायचा.

अशात ऑक्टोबरात त्या ठशाच्या यंत्राच्या कंपनीचं पत्र आलं, ते तळवडेकरांनी उभ्यानेच वाचलं. कंपनीने कळवलं होतं की नवीन सॉफ्टवेअर यापुढे फक्त विंडोज अकरावर चालेल. तळवडेकरांच्या कॉम्प्युटरवर दहा होती. दहा तर त्याच महिन्यात सेवानिवृत्त झाली होती, आणि तिच्या पेन्शनची कुणी चौकशीही करत नव्हतं.

आपला कॉम्प्युटर अकरा चालवू शकेल का, हे तपासायचा एक प्रोग्राम मिळतो. तो तळवडेकरांनी देवाचं नाव घेऊन चालवला. मिनिटभर विचार करून त्याने निकाल दिला की हा कॉम्प्युटर पात्र नाही. खाली तीन कारणं होती: प्रोसेसर जुना, मेमरी अपुरी, आणि टीपीएम नावाची सुरक्षेची चिप मुळातच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर त्रुटी काढलेल्या माणसाच्या स्वतःच्या अर्जावर पहिल्यांदाच त्रुटी निघाल्या होत्या, आणि त्याही एकदम तीन. त्यांनी तो निकाल चार वेळा वाचला आणि मग हॉलमधून गॅलरीत आणि गॅलरीतून हॉलमध्ये अशा येरझाऱ्या सुरू केल्या.

पुण्याहून मुलाचा, शौनकचा, फोन आला तो आगीत तेल ओतायला. "बाबा, चौदा वर्षांचा झालाय तो. भंगारात द्या आता. लोक मोबाइलवर करतात हे सगळं." तळवडेकरांनी नेटवर्क नाही असं सांगून फोन ठेवला. पण कुंदाताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पलीकडून सगळं ऐकलं होतं. त्यांनी शिवणाच्या डब्यातली टेप आणली आणि कॉम्प्युटरच्या कोपऱ्याची लांबी-रुंदी घेतली.

"घरघंटी बसेल इथे," त्या म्हणाल्या. "प्लग आहे, खिडकी आहे. पीठ उडालं तरी बाहेर जाईल."

तळवडेकरांच्या अंगावर काटा आला. साडेपाचशे चौरस फुटांच्या घरात त्यांची म्हणावी अशी जागा तेवढीच होती. बेडरूममध्ये कपाटं कुंदाताईंची, स्वयंपाकघरात तर त्यांना फोडणीच्या वेळी उभं राहायचीही परवानगी नव्हती, आणि हॉलमधला सोफा आल्यागेल्याचा. त्या फिरत्या खुर्चीत घराकडे पाठ करून बसलं की निवृत्त माणूसही कामात आहे असं दिसतं. तिथे घरघंटी आली की आपण कुठे बसायचं, आणि नोव्हेंबरात आपल्याकडे कोण कशाला येईल, हे प्रश्न त्यांना छळू लागले. त्यांनी जाहीर केलं की याच कॉम्प्युटरवर अकरा घालणार, आणि तेवीस नोव्हेंबरच्या रविवारी सकाळी दहा वाजता दरवर्षीप्रमाणे दाखले होतील. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं, पण त्यांनी ते सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकलं.

मग सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी कळवलं की कॉम्प्युटर दक्षिणेकडे तोंड करून ठेवलाय, दुसरं काही नाही. चौथ्या मजल्यावर एकांच्या भाच्याने सगळं पुसून फुकटातली सिस्टीम घातली होती आणि आता तो कुठे असतो ते घरच्यांना माहीत नव्हतं. तळमजल्यावरचे भाऊ परुळेकर मात्र स्वतः वर आले. भाऊ भांडुपच्या एका कारखान्यातले निवृत्त फिटर. यंत्र म्हटलं की ते विजेचं असो, वाफेचं असो, त्यांचं मत तयार असे.

"सुबोधा, यंत्राक वय नसता," भाऊ म्हणाले. "माझी लेथ बासष्ट सालची होती. तेल दी, चलता. भांडुपाक खंडू आसा, त्याका दाखवया."

खंडूचं स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत गुंडाळून तळवडेकर आणि भाऊ दोघे त्याला दोन बाजूंनी धरून निघाले. आवारात समोरून येणाऱ्या एका बाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि बाजूला उभ्या राहिल्या. तळवडेकरांना ते फार लागलं.

गेटवर वॉचमनने अडवलं. नऊ वर्षांत त्याने तळवडेकरांना रोज सलाम केला होता, पण सामान बाहेर न्यायचं तर पास पाहिजे असा सेक्रेटरी शर्मिष्ठा दळवींचा नवा नियम होता. शर्मिष्ठाबाई बहिणीकडे जोगेश्वरीला गेल्या होत्या. दोन दिवसांनी त्या आल्या आणि त्यांनी छापील फॉर्म दिला. त्यात सामान नेण्याची कारणं तीनच होती: भंगार, स्थलांतर आणि लग्नकार्य. तळवडेकरांनी 'दुरुस्ती' असा चौथा रकाना हाताने आखला. हाताने आखलेला रकाना चालत नाही, असं शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. तळवडेकरांनी स्वतः कित्येकांना नेमकं हेच सांगितलेलं असल्यामुळे त्यांना वादही घालता येईना. शेवटी त्यांनी दात-ओठ खात 'लग्नकार्य'वर खूण केली, आणि वॉचमनने जाताना अभिनंदन केलं.

खंडूने चादर सोडली, चार स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि आत बघत राहिला. मग त्याने गल्ल्याजवळची एक वाटी आणली आणि डबा तिरका केला. आतून तांदूळ पडले. वाटी भरली तेव्हा त्याने दुसरी आणली. तांदळांमागोमाग झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आल्या, आपट्याची पानं आली आणि कुंकवाचा एक खडा आला.

याचं असं झालं होतं की तळवडेकर दरवर्षी दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा करत. लोक पूजेत दोन अक्षता टाकतात. तळवडेकर कुठलंही काम कारकुनी चोखपणे करत असल्याने ते मूठभर टाकत, आणि डब्याच्या माथ्यावर हवेसाठी जी जाळी असते, बरोबर तिच्यावर टाकत. चौदा दसऱ्यांची श्रद्धा आत साठली होती. आतला पंखा ती श्रद्धा घुसळत कसाबसा फिरत होता, आणि कॉम्प्युटर म्हातारा झाला म्हणून गुरगुरतो अशी घरात सगळ्यांची समजूत होती.

"काका," खंडू म्हणाला, "हा कॉम्प्युटर आहे का कोठार?"

भाऊंनी मान वळवून रस्त्याकडे बघितलं. ते हसत आहेत हे त्यांच्या पाठीवरून दिसत होतं. तळवडेकरांचा चेहरा उतरला. पण लगेच त्यांनी स्वतःला सावरून मुद्द्याचा प्रश्न विचारला: अकरा चालेल का?

"चालेल," खंडू म्हणाला. "पण चालायला नाही पाहिजे."

त्याने नीट समजावलं. मेमरी वाढवता येईल. प्रोसेसर हळू आहे पण मेलेला नाही. प्रश्न फक्त त्या चिपचा. ती असल्याची खात्री केल्याशिवाय अकरा आत पाऊल टाकत नाही. मात्र एक आडवाट आहे, तपासणीच होणार नाही अशी सोय करता येते. नंतर विंडोजच्या कंपनीने हात वर केले तर आपली जबाबदारी आपल्यावर. तळवडेकर म्हणाले, म्हणजे हा वशिलाच झाला. खंडू म्हणाला, तसं म्हणा. चौतीस वर्षांत एक टाचणी वशिल्याने इकडची तिकडे केली नाही असं ते पोराबाळांना सांगत आले होते. ते दुकानाच्या पायरीवर उभे राहिले, दोनदा आत आले, दोनदा बाहेर गेले. मग त्यांना डोळ्यांपुढे घरघंटी दिसली, आणि त्यांनी खालच्या आवाजात खंडूला होकार दिला.

खंडूने डबा आठवडाभर ठेवून घेतला, मेमरी घातली, सिस्टीमचा पेनड्राइव्ह तयार करून दिला, काय-काय दाबायचं ते कागदावर लिहून दिलं आणि निक्षून सांगितलं की चालू असताना वीज जाता कामा नये. परत येताना गेटवर पुन्हा अडलं. मागे कुणीतरी वापरलेला सोफा आणला होता आणि सगळ्या बिल्डिंगला ढेकूण झाले होते. तेव्हापासून जुन्या वस्तू आत आणायला बंदी होती. ही आपलीच वस्तू आहे आणि आठवड्यापूर्वी इथूनच गेली, हे वॉचमनला मान्य होतं. पण पासावर ती लग्नाला गेलेली होती, परत येईल असं कुठे लिहिलं नव्हतं. अखेर चादर उलगडून, डबा उन्हात आपटून, त्यातून ढेकूण पडत नाही हे शर्मिष्ठाबाईंना दाखवावं लागलं. एक तांदूळ पडला. त्याची नोंद झाली नाही.

आता घरात अकराची तयारी सुरू झाली. पहिल्या दिवशी काम एकसष्ट टक्क्यांवर आलं आणि कुंदाताईंनी मिक्सर लावला. तिकडे गीझर चालू होता. खट्कन आवाज झाला आणि घरातले दिवे गेले. तळवडेकर खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे जाऊन सोफ्यावर आदळली. पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. दुसऱ्या दिवशी मिक्सर बंद, गीझर बंद, पण सोसायटीनेच लिफ्टच्या कामासाठी दुपारी दोन तास वीज बंद ठेवली. तशी नोटीस फळ्यावर लावली होती, आणि सोसायटीच्या नोटिशी न वाचणाऱ्या लोकांना तळवडेकरांनीच आजवर नावं ठेवली होती. तिसऱ्या दिवशी काम एकसष्टवर येऊन आपणहून थांबलं. मागे झाकण उघडल्यावर देव पावला होता, या हिशेबाने त्यांनी डब्याचं झाकणही पुन्हा उघडून बघितलं, पण आता आत तांदूळही नव्हते.

तळवडेकरांनी मिक्सरवर बेमुदत बंदी घातली, आणि इथे प्रकरणाने गंभीर वळण घेतलं. मालवणी घरात मिक्सर बंद म्हणजे वाटप, म्हणजेच खोबऱ्या-मसाल्याचं वाटण, बंद. ओल्या खोबऱ्याच्या वाटपाशिवाय बांगड्याचं तिखलं हे नुसतं रंगीत पाणी असतं. चार दिवस घरात आमटीभात झाला. पाचव्या दिवशी कुंदाताईंनी बांगडे आणले, ते ओट्यावर ठेवले आणि हॉलच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"एक सांगा," त्या शांतपणे म्हणाल्या. "ह्या घरात जेवतं कोण? तुम्ही की तो?"

तळवडेकरांनी पडद्याकडे बघितलं. पडद्यावर एकसष्ट होतं. त्यांना सुधरेना. बसवत नव्हतं, उठवत नव्हतं. रात्री पडल्या पडल्याही डोळ्यांपुढे पडद्यावरचा तो ठिपक्यांचा गोल फिरत असायचा. भाऊ रोज येऊन डब्याला हात लावून गरम आहे का ते बघायचे आणि तेल घालायचं का विचारायचे. ग्रुपवर मंडळी चौकशी करत होती, दहा वाजता नक्की ना, आणि तळवडेकर त्यांना हात जोडल्याची चित्रं पाठवत होते. खंडूला फोन केला तर तो म्हणाला, डिस्कच जुनी आहे काका, वेळ घेणार. हलवू नका, बघू नका. न बघणं तळवडेकरांना जमण्यातलं नव्हतं.

शनिवारी त्यांनी शेवटचा प्रयत्न सुरू केला. रविवारी सकाळी दहाला आकडा होता अठ्ठ्याऐंशी, आणि हॉलमध्ये तेरा म्हातारी माणसं होती. कुणी सोफ्यावर, कुणी आतून आणलेल्या खुर्च्यांवर, दोघे दिवाणावर. सगळे इस्त्रीचे कपडे घालून पडद्याकडे बघत होते. सव्वादहाला अठ्ठ्याऐंशी. साडेदहाला अठ्ठ्याऐंशी. तळवडेकर म्हणाले, आता होईलच. पावणेअकराला कुणाच्या तरी औषधाची वेळ झाली, आणि भाऊ म्हणाले की माझी लेथ एवढा वेळ घेत नव्हती.

तेव्हा कुंदाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "तोवर मी एक बघू का?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता, त्यांनी मोबाइल काढला आणि भाऊंच्या चेहऱ्यासमोर धरला. शौनकने त्यांना हे दिवाळीतच शिकवून ठेवलं होतं. "भाऊ, इकडे बघा. डोळे मिचकवा." भाऊंनी मिचकवले. मोबाइल टुणकन वाजला. भाऊ वर्षभरासाठी जिवंत झाले.

पुढची पंचवीस मिनिटं तळवडेकरांनी आपल्या हॉलमध्ये जे बघितलं ते शत्रूलाही बघायला लागू नये. मंडळी रांगेने डोळे मिचकावत होती. त्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले होते, यंत्रावर दहा-दहा वेळा बोट दाबावं लागे, हे त्यांना आजवर सोसायला लागलं होतं असं आता कळलं. कुंदाताईंना कुणीतरी मॅडम म्हणालं. जाताना सगळ्यांनी तळवडेकरांचेही आभार मानले, ते चहाबद्दल. दार लागलं आणि ते फिरत्या खुर्चीत येऊन बसले. त्यांना फार वाईट वाटत होतं. रडू येईल की काय अशी भीती वाटली, म्हणून त्यांनी उगाचच टेबलाचा खण उघडून बंद केला.

दुपारी तीनला पडद्यावर शंभर आले. पडदा काळा झाला, मग निळा झाला आणि अकरा उघडली. चौदा वर्षांचा, चिप नसलेला, अपात्र ठरलेला कॉम्प्युटर अकरावर चालत होता. सांगायला कुणी नव्हतं. कुंदाताई आत मिक्सर फिरवत होत्या आणि घरात कित्येक दिवसांनी खोबऱ्याचा वास सुटला होता.

चारला बेल वाजली. पहिल्या मजल्यावरच्या चंपाबाई सकाळी आल्या नव्हत्या. ऐंशीच्या पुढच्या, नवऱ्याच्या मागे त्याच्या पेन्शनवर एकट्या राहणाऱ्या. शुक्रवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि एका डोळ्यावर अजून हिरवी पट्टी. कुंदाताईंनी मोबाइल धरला. मोबाइलला चेहराच ओळखता येईना. पट्टी काढायची नव्हती, दोन डोळे मिचकवता येत नव्हते. पाच वेळा नकार आला. चंपाबाई घाबरल्या. "म्हणजे आता मी नाही का गं?" त्यांनी विचारलं.

कुंदाताई हॉलकडे वळल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "तुमचा चालू झालाय ना? ह्यांचं बोट घ्या."

तळवडेकर ताठ बसले. कंपनीचं सॉफ्टवेअर घालायला वीस मिनिटं गेली. यंत्राचा दिवा लागला. चंपाबाईंचा अंगठा घासून गुळगुळीत झाला होता, तो चालला नाही. तर्जनी चालली नाही. मधलं बोट चाललं नाही. तळवडेकरांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला, रुमालाने एकेक बोट पुसलं, आणि सातव्या बोटाला हिरवी खूण उमटली. त्यांना ते ठरलेलं वाक्य म्हणायचं होतं, पण चंपाबाईंनी त्यांचा हात सोडला नव्हता आणि त्यांनी नुसती मान हलवली. संध्याकाळी बांगड्याचं तिखलं झालं. कुंदाताईंनी टेप शिवणाच्या डब्यात ठेवून दिली आणि घरघंटी पलंगाखाली बसते का ते बघायचं ठरवलं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण डिसेंबर उजाडला आणि शुभदातल्या सगळ्यांची पेन्शन जमा झाली, एकट्या तळवडेकरांची सोडून. त्यांनी दोन दिवस बँकेच्या नावाने बोटं मोडली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं आणि ते सोफ्यावर बसले ते बसलेच. चौदा माणसांच्या धांदलीत पंधरावा राहून गेला होता, आणि तो ते स्वतः होते. सरकारच्या लेखी शुभदा सोसायटीत चंपाबाईंसकट सगळे हयात होते. फक्त सुबोध तळवडेकरांबद्दल काही सांगता येत नव्हतं.

कुंदाताईंनी मोबाइल पुढे केला. पण बायकोसमोर डोळे मिचकावून जिवंत व्हायला त्यांचा जीव होईना. स्वतःच्या यंत्रावर बोट ठेवायला गेले, तर अकरा त्याच दिवशी अपडेट घ्यायला बसली होती आणि आकडा होता एकसष्ट. ते तडक बँकेत गेले. तिथे टोकन घेऊन दीड तास बसले. काउंटरवरच्या मुलीने त्यांचं कार्ड बघितलं, खणातून मोबाइल काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

"काका, चष्मा काढा. डोळे मिचकवा."

तळवडेकरांनी मिचकवले. टुणकन वाजलं.

"झालं. आता वर्षभर काळजी नाही," ती म्हणाली. मग त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघून तिला दया आली असावी. "एवढ्यासाठी कशाला आलात उन्हातान्हात? घरी कॉम्प्युटर वगैरे नाही का?"

तळवडेकरांनी चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

"आहे ना," ते म्हणाले. "चौदा वर्षांचा आहे. अकरावर चालतो." आणि मागे सात माणसं उभी होती तरी त्यांनी पहिल्या त्रुटीपासून सांगायला सुरुवात केली.